मोंदूझ: थंडीत पिकलेलं तिखट

बुलढाणा जिल्ह्यातल्या अमडापूरच्या शिवारात सोयाबीनची डवरणी चालू असताना कुणालाही विचारा, सगळ्यात नाठाळ तण कोणतं. हराळीचं नाव निघेल आणि त्याच दमात लव्हाळ्याचं. लव्हाळ्याचं वरचं पातं खुडून काही होत नाही. जमिनीखाली गाठींची माळ असते, एकीला दुसरी लागलेली. डवऱ्याने माळ तुटली की तुटलेल्या गाठीला नवा कोंब. निंदायला आलेल्या बायांच्या शिव्या या तणाइतक्या दुसऱ्या कुणी खाल्ल्या नसतील. आणि हीच गाठ धुऊन, वाळवून काष्ठौषधींच्या दुकानात गेली की नागरमोथा या भारदस्त नावाने विकली जाते. नरक चतुर्दशीच्या पहाटे अंगाला लावलेल्या उटण्यात ती असते. थोडा कापूर, थोडी ओली माती, आणि पाठीमागे कुठेतरी मिरं असा तिचा वास.

1967 साली 'टेट्राहेड्रॉन लेटर्स' या रसायनशास्त्राच्या नियतकालिकात नागरमोथ्याच्या तेलातल्या घटकांवर एक निबंध छापून आला. लेखक चौघे: कपाडिया, नाईक, वाडिया आणि सुख देव. सुख देव तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत होते आणि भारतीय वनस्पतींतल्या सुगंधी तेलांवर त्यांनी केलेलं काम आजही आधाराला घेतलं जातं. या तेलातून जे पदार्थ वेगळे काढले गेले त्यांतल्या एकाला वनस्पतीच्या शास्त्रीय नावावरून रोटुंडोन हे नाव मिळालं. पुढची चाळीस वर्षं त्याच्याकडे फारसं कुणी फिरकलं नाही. मग 2008 साली ऑस्ट्रेलियन वाईन रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी, शिराज जातीच्या लाल वाईनला काळ्या मिऱ्याचा वास कशाने येतो याचा माग काढला, आणि हाती लागलं ते नागरमोथ्यातलं हेच रोटुंडोन. खुद्द काळ्या मिऱ्याच्या वासातही मोठा वाटा त्याचाच निघाला. मिऱ्यासाठी माणसांनी समुद्र ओलांडले, लढाया केल्या, मलबारच्या किनाऱ्यावर वखारी घातल्या. पण मिऱ्याला मिऱ्याचा वास कशाने, हे कळायला एकविसावं शतक उजाडावं लागलं आणि तेही वाईनच्या बाटलीच्या निमित्ताने.

हा वास ज्या द्राक्षांत ठळकपणे उतरतो ती बरीचशी आल्प्सच्या आजूबाजूची आहेत. इटलीच्या फ्रिउली प्रांतात, स्लोव्हेनियाच्या सीमेलगतच्या प्रेपोत्तो गावचं स्किओपेत्तिनो. पिएमोंतेच्या उत्तरेला, मोंते रोझाच्या पायथ्याच्या टेकड्यांवरचं व्हेस्पोलिना. ऑस्ट्रियाचं ग्र्युनर व्हेल्टलिनर, जे पांढरं असूनही मिरमिरतं. यांतलं स्किओपेत्तिनो 1970च्या दशकात जवळपास संपलं होतं. रापुत्सी कुटुंबाने उरल्यासुरल्या वेली हुडकून त्याची पुन्हा बाग उभी केली. ही सगळी चांगली द्राक्षं आहेत. पण मला ज्याच्याविषयी लिहायचं आहे ते याहून पश्चिमेला, फ्रान्सच्या साव्वा प्रांतात राहतं. त्याचं नाव मोंदूझ.

साव्वा म्हणजे जिनिव्हा सरोवराच्या दक्षिणेचा डोंगरी मुलूख. 1860 साली तो फ्रान्सला जोडला गेला, त्याआधी सार्डिनियाच्या राजाच्या ताब्यात होता. आजही तिथली वाईन फ्रान्सच्या बाकीच्या वाईनच्या पंगतीत जरा अंग चोरून बसते. बर्फावर घसरायला आलेले पर्यटक ती हॉटेलात पितात, उतरून घरी गेले की विसरतात. मोंदूझचं सगळ्यात नावाजलेलं गाव आर्बाँ. इझेर नदीचं खोरं, पाठीशी बोजचे डोंगर, आणि डोंगरावरून घरंगळून आलेल्या चुनखडीच्या खडीचा उतार. त्या उतारावर सूर्याकडे तोंड करून वेली उभ्या. मोंदूझ उशिरा पिकतं. सप्टेंबर सरतो, ऑक्टोबर लागतो, शिखरांवर पहिलं बर्फ दिसायला लागतं आणि तेव्हा कुठे घड तयार होतात.

रोमन लेखक प्लिनीने याच भागातल्या आलोब्रोगेस टोळीच्या एका काळ्या द्राक्षाची नोंद केली आहे. थंडीत पिकणारं, असं तो त्याच्याविषयी म्हणतो. ते द्राक्ष मोंदूझच असं सांगायला साव्वातले लोक एका पायावर तयार असतात. पुरावा कसलाच नाही. पण वर्णन जुळतं खरं.

एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा नावाची अमेरिकेतून आलेली कीड मुळं खात युरोपभर पसरली, तोवर मोंदूझ हे साव्वाचं मुख्य लाल द्राक्ष होतं. किडीवर उपाय सापडला तो अमेरिकन वेलीच्या मुळावर युरोपच्या वेलीचं कलम करण्याचा. आपल्या नाशिक-सांगलीकडे डॉगरिजच्या खुंटावर द्राक्षाचं कलम बांधतात, ती याच उपायाची पुढची पिढी. पण बागा पुन्हा लावताना शेतकऱ्याने हिशेब केला. उशिरा पिकणारं, एखाद्या वर्षी पिकायचं राहूनच जाणारं, तरुणपणी जिभेला ओरखडणारं हे द्राक्ष कशाला? त्याच्या जागी लवकर येणारं, गोडगोमटं गामे आलं. मोंदूझ मागे सरत सरत आज सगळं मिळून दोन-तीनशे हेक्टरांच्या आसपास उरलं आहे. निफाड किंवा दिंडोरी यांपैकी कुठल्याही एका तालुक्यात याच्या अनेक पट द्राक्षबागा आहेत.

आता ग्लासकडे वळू.

मोंदूझचा रंग गडद असतो, पण जड नसतो. ग्लास तिरका केला की कडेला निळसर जांभळी किनार दिसते. पिकलेलं जांभूळ खाल्ल्यावर जिभेवर जी छटा राहते ती. वास पहिल्यांदा येतो तो फुलाचा, आणि ते फूल आपल्याकडचं नव्हे, त्यामुळे त्याचं नाव सांगून उपयोग नाही. त्याच्या मागोमाग तुती आणि करवंद. करवंद म्हणताना काळं, पूर्ण पिकलेलं नको. अजून अर्धवट लाल असलेलं, चीक सुटणारं. आणि मग, फळ ओसरायच्या आत, मिरं. पूड करून डब्यात ठेवलेलं मिरं नव्हे. खलबत्त्यात नुकता एकच घाव बसला आहे आणि दाणा फुटला आहे, त्या क्षणाचं. त्या वासात धूळ नसते, तेलकटपणा नसतो. स्वच्छ, कोरडा आणि जरासा गार.

तोंडात घेतल्यावर पहिला मान आंबटाचा. आपल्याकडे आंबट चवीला मुख्य पाहुण्याचं पान क्वचितच मिळतं. चिंच, आमसूल, लिंबू हे पदार्थाला आकार देणारे, पण पदार्थ सहसा त्यांच्या नावाने ओळखला जात नाही. मोंदूझ आंबटाच्या कण्यावर उभी आहे. तो कणा काढा, सगळी वाईन बसेल. त्यानंतर तुरट, जी हिरड्यांच्या वरच्या बाजूला धरते आणि सुटत नाही. शेवटाला किंचित कडू. दारूचा अंश बाराच्या आत-बाहेर, म्हणजे लाल वाईनच्या मानाने कमीच, त्यामुळे घशाला ऊब लागत नाही आणि आंबट-तुरटाचं भांडण झाकायलाही कुणी मध्ये पडत नाही. आयुर्वेदाच्या षड्रसांत मांडायचं तर अम्ल आणि कषाय हे दोन स्वर, तिक्ताची शेवटी एक श्रुती. मधुर जवळजवळ गैरहजर. ज्यांना वाईन म्हणजे गोडसर, मऊ, मखमली असं काही अपेक्षित असतं त्यांना ही पहिल्या घोटाला आवडत नाही, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

पण कटु रस, म्हणजे आपलं तिखट? नाकाने तर ते आधीच जाहीर केलेलं असतं. मिऱ्याच्या दाण्यात वास एका पदार्थाचा आणि आग दुसऱ्याच पदार्थाची असते. जिभेला जाळतं ते पायपेरीन. मोंदूझमध्ये रोटुंडोन आहे, पायपेरीन नाही. त्यामुळे होतं असं की नाक सांगतं, तिखट येतंय. जीभ तयार होऊन बसते. आंबट येऊन जातं, तुरट येऊन जातं, कडू येतं, घोट खाली उतरतो, आणि तिखट येतच नाही. आलंच नाही, पण त्याच्या येण्याची चाहूल मात्र सगळ्या घोटभर होती. संस्कृत साहित्यशास्त्रात वाच्यार्थ आणि व्यंग्यार्थ असा भेद करतात. मोंदूझमधलं तिखट पूर्णपणे व्यंग्य आहे. ते कुठेही बोलून दाखवलेलं नाही. मला या द्राक्षाचं जे मोठेपण वाटतं ते नेमकं इथे आहे. रुचकर वाईन पुष्कळ असतात. पण अपेक्षा निर्माण करून ती शेवटपर्यंत न पुरवणं, आणि तरीही पिणाऱ्याला फसवल्यासारखं न वाटू देणं, हे थोड्यांना जमतं. दुसरा घोट घेतला जातो तो तहानेपोटी कमी आणि मघाशी काय राहून गेलं ते पाहण्यासाठी जास्त.

या व्यंजनेला एक विचित्र मर्यादा आहे. 2008च्या त्या अभ्यासात वास घेऊन पाहणाऱ्यांपैकी सुमारे पाचातल्या एकाला रोटुंडोनचा वास येतच नव्हता, तपासलेल्या सगळ्यात जास्त प्रमाणालाही. बाकीच्यांना मात्र तो भयंकर कमी प्रमाणात कळतो: लाल वाईनमध्ये लिटरला 16 नॅनोग्रॅम, पाण्यात 8. एका ग्रॅमाचे शंभर कोटी भाग करायचे आणि त्यातले आठ उचलायचे. उन्हाळ्यात बुलढाण्याच्या गावांतून फिरणारा दहा हजार लिटरचा टँकर घेतला, तर तेवढ्या पाण्याला मिऱ्याची चाहूल लागायला एका मिलिग्रॅमचा दहावा भागही लागत नाही. म्हणजे एकाच टेबलावर बसून, एकाच बाटलीतून पिणाऱ्या पाचांपैकी एकजण वेगळीच वाईन पीत असतो. तो म्हणेल, आंबट आहे, तुरट आहे, यात एवढं काय? त्याच्याशी वाद घालू नये. त्याच्या ग्लासात मिरं नाहीच.

हे संयुग द्राक्षाच्या सालीत राहतं आणि पिकण्याच्या अगदी अखेरच्या टप्प्यात तयार होतं. वाईन मुरताना त्यातलं थोडंच रसात उतरतं, बरंचसं चोथ्याबरोबर फेकलं जातं. त्याचं थंडीशी असलेलं नातं ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यातल्या ग्रॅम्पियन्सच्या डोंगराशी असलेल्या एका शिराज बागेत फार बारकाईने तपासलं गेलं. एकाच बागेत, एकाच दिवशी, एका कोपऱ्यात भरपूर आणि दुसऱ्यात नावालाच. सावलीतल्या घडात जास्त, उन्हाकडच्या घडात कमी. मण्याचं तापमान पंचवीस अंशांच्या वर जितके तास राहील तितकं ते घटत जातं. म्हणून मी या वासाला मसाल्याचा वास म्हणत नाही. मसाला उष्ण देशात पिकतो. हा थंडीचा वास आहे. ऑक्टोबरच्या धुक्यात, ऊन आखडत चाललेल्या उतारावर, पिकू की नको अशा विवंचनेत राहिलेल्या द्राक्षाचा.

आणि इथून गोष्ट महाराष्ट्रात येते, जरा आडवळणाने.

शिराज हे द्राक्ष कुठून आलं याविषयी एक देखणी दंतकथा होती. तेराव्या शतकात धर्मयुद्धाहून परतलेल्या एका सरदाराने इराणच्या शिराज शहरातून वेल आणली आणि फ्रान्सच्या ऱ्होन नदीकाठच्या एर्मिताज टेकडीवर लावली, अशी. ऐकायला छान. कवी हाफिजचं शहर, तिथली बाग, तिथली वेल. आपल्या दख्खनशी या शहराची दुसरी एक गाठ आहे: इतिहासकार फरिश्त्याच्या तवारिखेत येतं की बहामनी सुलतानाने हाफिजला दख्खनला बोलावलं होतं, तो होर्मुझपर्यंत आलाही, जहाजात बसला, वादळ उठलं आणि घाबरून परत गेला. वऱ्हाड तेव्हा बहामन्यांच्या राज्यात होतं. कवी आला नाही. सहाशे वर्षांनी त्याच्या गावाचं नाव लावलेलं द्राक्ष आलं, पण ते त्या गावचं नव्हतंच. 1998 साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात कॅरोल मेरेडिथ आणि फ्रान्सच्या माँपेलिए इथले ज्याँ-मिशेल बुर्सिको यांच्या गटांनी डीएनए तपासून शिराजचे, म्हणजे मूळच्या सिराचे, आईबाप शोधून काढले. बाप द्युरेझा, फ्रान्सच्या आर्देश भागातलं, आता बागेतून जवळजवळ हद्दपार झालेलं काळं द्राक्ष. आई मोंदूझ ब्लाँश, साव्वाचं पांढरं द्राक्ष, तेही हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या हेक्टरांत उरलेलं. दोन विस्मृतीत गेलेल्या खेडवळ द्राक्षांचं हे पोर, आणि ते जगभर गाजतंय.

काळं मोंदूझ, ज्याचं वर्णन वर केलं, त्याचं आणि पांढऱ्याचं नातं मायलेकरांचं आहे. कोण माय आणि कोण लेकरू हे डीएनएवरून ठरत नाही. म्हणून काळं मोंदूझ हे शिराजचं एकतर आजोळ, नाहीतर सावत्र भावंड. गोतावळा इथे थांबत नाही. 2006 साली व्हुइयामोझ आणि ग्रांदो या संशोधकांनी दाखवलं की द्युरेझा हे इटलीच्या त्रेंतिनोतल्या टेरोल्डेगो या द्राक्षाचं सख्खं भावंड आहे. टेरोल्डेगोही आल्प्सच्या कड्यांनी वेढलेल्या सपाटीवरचं. म्हणजे शिराजच्या दोन्ही बाजूंना आल्प्सचं रक्त. व्हिओनिए नावाचं पांढरं द्राक्ष, तेही मोंदूझ ब्लाँशचं थेट नातेवाईक.

या घराण्यातली दोन माणसं आज नाशिक जिल्ह्यात नांदतात. नाशिकच्या वाईनचा आधुनिक काळ सुरू झाला तो राजीव सामंत यांच्या सुला वाईनयार्ड्सपासून; त्यांच्या पहिल्या बाटल्या 2000 साली बाजारात आल्या आणि त्या शेनिन ब्लाँ, सोव्हिन्याँ ब्लाँ अशा पांढऱ्या वाईनच्या होत्या. त्यानंतर वर्षभरात राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, विंचूरला वाईन पार्क झालं, आणि काळ्या द्राक्षांच्या लागवडीत शिराज पुढे सरकलं. आज नाशिकच्या लाल वाईनचा चेहरा शिराजचाच आहे. दिंडोरीकडे व्हिओनिएही लावलेलं आहे. दोघांचं घराणं एक, हे बागाईतदाराला कुणी सांगितलं असेल की नाही कोण जाणे. बांधावरून एकमेकांकडे बघत असतील.

मग नाशिकच्या शिराजमध्ये आल्प्स किती उरलं?

याचं उत्तर छाटणीच्या कॅलेंडरात आहे. आल्प्समध्ये वेल हिवाळाभर झोपते. आपल्याकडे तिला झोप नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी करून काड्या तयार करायच्या, आणि पावसाळा सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, गोडी छाटणी करून त्या काड्यांवर फळ घ्यायचं. त्यामुळे घड भरतात ते डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत. निफाडची थंडी काही पोकळ नव्हे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा किती उतरला हे दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात छापून येतं. खाण्याच्या द्राक्षाला ही थंडी वैरीण. मणी फुगत नाहीत, तडकतात. शेतकरी रात्री बागेत शेकोट्या पेटवतो, पहाटे पाणी सोडतो. थॉमसन आणि सोनाका जातीच्या बागमालकाची जी काळरात्र, ती शिराजच्या वेलीला माहेरची रात्र. विसाव्या अक्षांशावर, उष्ण कटिबंधाच्या आत, लाल वाईनचं द्राक्ष पिकतं ते या रात्रींच्या जोरावर.

पण एक उलटापालट झालेली आहे आणि ती सहसा कुणी बोलून दाखवत नाही. आर्बाँचं मोंदूझ पिकतं तेव्हा मोसम थंडीकडे चाललेला असतो. दर आठवडा मागच्या आठवड्याहून गार. नाशिकचं शिराज थंडीतून निघून उन्हाकडे चाललेलं असतं. जानेवारीच्या अखेरीला ऊन वर चढायला लागतं, फेब्रुवारीत दुपारचा पारा तीस ओलांडतो. आणि मिऱ्याचा वास तर तयार होतो अखेरच्या आठवड्यांत. म्हणजे ज्या घडीला थंडी सगळ्यात जास्त हवी त्याच घडीला ती हात सोडते. म्हणून नाशिकच्या बहुतेक शिराजमध्ये पहिल्यांदा भेटतं ते फळ: काळं मनुक, पिकलेलं जांभूळ, कधी मुरांब्याच्या पाकाचा वास. हे वाईट नाही. पण मिरं मागे गेलेलं असतं, काही बाटल्यांत पार पुसलेलं.

ते उरलेलं असलं की मात्र कळतं. काही बाटल्यांत, बहुधा लवकर तोडलेल्या किंवा उंचावरच्या बागेतल्या, फळाच्या घोळक्यातून मध्येच ती कोरडी, गार रेघ येते. दुसऱ्या घोटाला पुन्हा सापडत नाही. मग ग्लास थोडा वेळ तसाच ठेवला की परत येते. माझ्या लेखी तेवढ्या रेघेवर बाटलीची किंमत वसूल. आणि ज्यांनी ती नव्या ओक पिंपाच्या व्हॅनिलाने झाकून टाकली आहे त्यांच्याविषयी मला तक्रार आहे. ओकचा वास पैसे टाकून कुठेही विकत मिळतो. हा मिळत नाही. पिंपात वर्षभर ठेवून महागडी केलेली बाटली आणि तिच्याहून निम्म्या किमतीची, स्टीलच्या टाकीतून थेट भरलेली बाटली शेजारी ठेवल्या तर बऱ्याचदा मिरं स्वस्त बाटलीत सापडतं. ऱ्होनकाठी कोत-रोतीचे वाईनकार शिराजच्या टाकीत थोडं व्हिओनिए टाकून दोन्ही एकत्र मुरवतात. नाशिकला दोन्ही द्राक्षं हाताशी आहेत. याचे आणखी प्रयोग बघायला मला आवडतील.

पिण्याच्या पद्धतीतही आपण या वासाला मारतो. लाल वाईन घरातल्या तापमानाला प्यावी हे वाक्य दगडी भिंतींच्या गार घरांत जन्मलेलं आहे. बुलढाण्यात एप्रिलमध्ये घरातलं तापमान किती असतं ते सांगायला नको. तेवढ्या उबेत दारू आधी नाकात शिरते आणि रोटुंडोनसारखं नाजूक काही ऐकू येत नाही. पंधरा-सोळा अंशांवर प्यावी. बाटली थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवली तरी पुरे. जेवण कोणतं? साव्वात मोंदूझबरोबर दिओ नावाचे डुकराच्या मांसाचे सॉसेज याच वाईनमध्ये शिजवून खातात, नाहीतर बोफोर चीज. चरबी आणि आंबट यांचं तिथे जमतं. आपल्या वऱ्हाडी ठेच्यापुढे किंवा झणझणीत रश्श्यापुढे शिराज ठेवणं म्हणजे तिला मुद्दाम हरवायला उभं करणं. मिरचीची आग जिभेवर असली की तुरटपणा दुप्पट भासतो, आणि न येणारं तिखट ऐकायला जीभ मोकळीच राहत नाही. मिरचीचा हात आखडून केलेलं वांग्याचं भरीत, वर कच्चं तेल, सोबत ज्वारीची भाकर. भाजलेल्या वांग्याचा धूर आणि मिरं एकमेकांना ओळखतात.

जानेवारी 2022 मध्ये राज्य सरकारने मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा महिनाभर वाद पेटला होता. शेतकऱ्याचं भलं, तरुणांचं नुकसान, महसूल, संस्कृती, सगळं बोलून झालं. वाईनची चव कशी असते हा विषय कुणी काढल्याचं मला आठवत नाही. प्यावी की न प्यावी हा ज्याचा त्याचा प्रश्न, आणि न पिणाऱ्याचं काही अडत नाही. पण ज्या वस्तूविषयी आपण इतकं भांडतो ती जिभेवर काय करते हे भांडणात कुठेच नसावं, हे मला चमत्कारिक वाटलं.

खुद्द मोंदूझ इकडे लावता येईल का? ऑस्ट्रेलियाने ते फार पूर्वी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच, व्हिक्टोरियाच्या ईशान्येला नेलं. तिथले ब्राउन ब्रदर्स शिराज, मोंदूझ आणि कॅबर्ने एकत्र करून वाईन बनवत आले आहेत. बुलढाण्याच्या घाटावर उभं राहिलं की अजिंठ्याच्या डोंगररांगेचा वारा लागतो आणि क्षणभर वाटतं, का नाही? अमडापूर आणि नाशिक एकाच अक्षांशाच्या आजूबाजूला आहेत. पण मोंदूझ शिराजपेक्षाही उशिरा पिकणारं. ते तयार होईतो मार्च लागेल, आणि मार्चमधलं आपलं ऊन त्याच्या सालीतलं सगळं काही उडवून लावील. उरेल ते नुसतं आंबट-तुरट पाणी.

त्यापेक्षा शिराजची गोडी छाटणी पुढे ओढणं बरं, म्हणजे घड जानेवारीच्या थंडीतच उतरवता येतील. सप्टेंबरच्या सुरुवातीला छाटायचं. पण सप्टेंबरात पाऊस असतो, कोवळ्या फुटीवर डावणीचा रोग येतो, आणि एकदा डावणीने घड खाल्ला की वासाची चर्चा करायला द्राक्षच उरत नाही. फवारणीचा खर्च वाढतो. वाईनरी भाव देते तो साखरेच्या अंशावर. मिऱ्याच्या वासाचा भाव कुठल्याही करारात लिहिलेला नसतो. म्हणून बागाईतदार ऑक्टोबरची वाट पाहतो, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही पाहिली असती.